सब्र : साठा की स्वभाव?

आपल्या बोलण्यात सब्र दोन तऱ्हांनी येतो आणि त्या दोन तऱ्हा एकमेकींशी जुळत नाहीत, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वर्षानुवर्षे सासरचे बोल ऐकणारी सून एके दिवशी उलट बोलली, की मोहल्ल्यातल्या बायका म्हणतात, सब्रचा पैमाना भरला बिचारीचा. मराठीत म्हणतात, तिचा संयम संपला. एकीकडे भांडे भरून वाहिले, दुसरीकडे रिकामे झाले. पण भांडे दोन्हीकडे आहे. सब्र ही मापाची वस्तू आहे, तिला तळ आहे आणि काठ आहे, असे आपण धरून चालतो. त्याच बायका दुसऱ्या कुणाविषयी सांगताना म्हणतात, ती मोठी साबिर आहे, अल्लाहने तिला स्वभावच तसा दिलाय. येथे माप नाही. स्वभाव वापरल्याने संपत नाही. गाणाऱ्याचा गळा गायल्याने आटत नाही, उलट रियाजाने तयार होतो, तसा.

मग सब्र हा साठा की स्वभाव? प्रश्न शब्दांचा वाटतो. पण कुणाला माफ करायचे आणि कुणाला दोष द्यायचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते. साठा असेल तर तो संपलेल्या माणसाला आपण काय बोलणार? पाणी संपले म्हणून हंड्यावर कुणी रागावत नाही. स्वभाव असेल तर मात्र चिडलेला माणूस आत कसा आहे ते बाहेर आले, असेच म्हणावे लागेल.

या प्रश्नावर इमाम गझालींनी लिहिले, ॲरिस्टॉटलने लिहिले. अलीकडे त्याच प्रश्नाशी झुंजणारी माणसे मला एका भलत्याच ठिकाणी भेटली : एका अमेरिकन खेळाच्या नियमांच्या पुस्तकात. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत येताना त्याने तीनशेवर पानांचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. होस्टेलमधली पाचसहा मुले रविवारी रात्री मिळून तो खेळ खेळतात. फासे आहेत, जादू आहे, राक्षस आहेत, म्हणून त्याच्या मनात शंका. मला विचारू लागला, ‘‘खाला, यह नाजायज़ तो नहीं?’’ फतवा देण्याचा अधिकार माझा नाही. नर्द नावाच्या फाशांच्या खेळाचा हदीसमध्ये कडक निषेध आहे आणि पैसा लावून खेळणे तर सरळ जुव्यातच जमा होते. या खेळात पैसा लागत नाही, हार-जीतही नेहमीसारखी नाही. बाकीचे कुणा मुफ्तीसाहेबांना विचार, असे मी त्याला सांगितले. (अमेरिकेतही १९८० च्या दशकात काही ख्रिस्ती मंडळींनी हा खेळ सैतानी ठरवून मोठा गदारोळ केला होता. श्रद्धावंतांना फाशांचे आणि जादूचे भय वाटते ते सगळीकडे सारखेच.) मी मात्र पुस्तक ठेवून घेतले आणि त्यानंतर तसल्याच आणखी काही खेळांचे नियम वाचत गेले.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एक पात्र घेतो : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. ‘‘समोर दार आहे, आतून आवाज येतोय, काय करतोस?’’ असे तो विचारतो, खेळणारा सांगतो, आणि जेथे यश-अपयशाची शंका असेल तेथे फासा टाकतात. आपल्याकडची दास्तानगोई आणि फासे एकत्र केले तर जे होईल ते, असे मी माझ्यापुरते समजून घेतले.

या खेळात प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर सहा गुणांचे आकडे असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. मूळ नियमात तीन फासे टाकून प्रत्येकाचा आकडा ठरे, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. बुद्धी आणि शहाणपण यांना वेगवेगळ्या ओळी दिल्या आहेत, हे पाहून मला बरे वाटले. इल्म आणि हिकमत या दोन गोष्टी आहेत हे आपल्याकडे मदरशातल्या मुलालाही माहीत असते, पण आपल्या गुणपत्रिकेला ते आजवर कळलेले नाही.

मात्र या सहांत सब्र नाही. दया नाही, सच्चेपणा नाही. नीतीची जागा सुरुवातीला एका शब्दाने भरून काढली होती : पात्र व्यवस्थेच्या बाजूचे, अव्यवस्थेच्या बाजूचे, की मधले. १९७८ पर्यंत त्यात भले-बुरे मिसळून नऊ घरांचा तक्ता झाला. ही झाली चिकटवलेली पाटी. माणूस भला आहे असे लिहिले म्हणून त्याला भलेपणाची किंमत कधी मोजावी लागते, किती मोजावी लागते, हे पाटी सांगत नाही. पुढच्या खेळकर्त्यांना हे पुरेसे वाटले नाही. स्वभावाला नियमात बसवायचे तर त्याला आकडा हवा, आणि आकडा हवा तर आधी ठरवले पाहिजे की स्वभाव ही कोणत्या जातीची वस्तू आहे. तत्त्वज्ञांना शेकडो पाने गोलगोल फिरता येते. खेळ करणाऱ्याला तशी सवलत नाही. रविवारी रात्री मुलांना फासा टाकायचा असतो.

बहुतेकांनी साठ्याचा मार्ग धरला. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ या खेळात मनोबल हा सरळ पॉइंटांचा साठा आहे. अडचणीच्या वेळी एक पॉइंट खर्च करा, काम होईल. साठा खाली गेला की पात्राने आपल्या मूळ प्रकृतीला धरून काहीतरी करावे, मग तो पुन्हा भरतो. भाच्याच्या पुस्तकात, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत, प्रत्येक पात्राच्या कागदावर त्याच्या लकबी, त्याचे ध्येय, त्याचे बंध आणि त्याचे एक वैगुण्य लिहायचे असते. खेळणारा त्यांना जागून वागला तर डंजन मास्टर त्याला ‘इन्स्पिरेशन’ देतो. ते खर्च करून पुढच्या एखाद्या वेळी एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यांतला चांगला घ्यायचा. इन्स्पिरेशन साठवता येत नाही, एका वेळी एकच. मात्र स्वतःचे दुसऱ्याला देता येते, आणि हा नियम मला फार आवडला. २०२४ च्या सुधारित नियमांत मात्र त्याची स्वभावाशी असलेली गाठ सैल झाली. तेथे मानव जातीच्या पात्राला रात्रभर विश्रांती घेतली की ते आपोआप मिळते. म्हणजे सच्चेपणाने वागा किंवा झोप काढा, बक्षीस तेच.

‘गर्प्स’ हा १९८६ चा खेळ तर आणखी रोखठोक. त्यात पात्र घडवताना पॉइंट मोजून शक्ती विकत घ्याव्या लागतात आणि वैगुण्ये पत्करली तर उलट पॉइंट पदरात पडतात. आंधळेपणा, लोभ, भित्रेपणा ही वैगुण्ये झालीच. पण त्याच यादीत प्रामाणिकपणाही आहे, सत्यवादीपणा आहे, परोपकारी वृत्ती आहे! लोभ आणि परोपकार यांची किंमतसुद्धा सारखीच, १५ पॉइंट. पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. नंतर वाटले, यात काय खोटे आहे? जो खोटे बोलू शकत नाही त्याचे हात बांधलेले असतात. बाजारात बसणाऱ्या कोणत्याही ईमानदार माणसाला विचारा. खेळकर्त्याने एवढेच मान्य केले, की हा भार आहे आणि भाराचा मोबदला द्यायला हवा.

साठ्याच्या मार्गावर सर्वांत लांब गेला तो ‘फेट’. २०१३ मध्ये आलेल्या ‘फेट कोअर’ या त्याच्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला स्वभावाचे काही वाक्यांश असतात, समजा ‘डोके लगेच तापते’. वाटाघाटीच्या ऐन रंगात गोष्ट चालवणारा एक पॉइंट पुढे सरकवतो आणि म्हणतो, तुझे डोके लगेच तापते ना, मग येथे तू त्या सरदाराचा अपमान करतोस आणि बोलणी फिसकटतात. खेळणाऱ्याने मान्य केले तर पॉइंट त्याचा. नको असेल तर त्याने स्वतःजवळचा एक पॉइंट देऊन नकार विकत घ्यायचा. घसरलात तर पैसे मिळतील, सावरलात तर पैसे पडतील.

उलटी दुनिया वाटते ना? पण जरा थांबून पाहिले तर एवढा खरा नियम मी नीतीच्या पुस्तकांतही फारसा वाचलेला नाही. राग गिळणे फुकट नसते. ज्याने गिळला त्याच्या खात्यातून काहीतरी गेलेले असते. आणि या नियमाचे एक टोक फार बोचरे आहे : ज्याच्याजवळ एकही पॉइंट उरला नाही त्याला नकार परवडतच नाही. समोरून मोह आला की त्याने घसरायचे. सावकाराच्या, ठेकेदाराच्या, घरमालकाच्या दारात दिवसभर उभा राहून आलेला माणूस संध्याकाळी घरी मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. त्याच्याजवळ नकार विकत घ्यायला काही उरलेले नसते. त्या धपाट्याचे मी समर्थन करत नाही. पण खात्यात किती होते हे न विचारता जो त्याच्यावर निकाल देतो, त्याचाही निकाल मला अर्धा वाटतो.

आता दुसरी वाट. ती घेणारे थोडेच, पण त्यांतला एक खेळ माझ्या मते या सगळ्यांत सरस. ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’, १९८५ चा. राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या जुन्या कथांवर तो बेतलेला आहे. येथे स्वभावगुणांच्या तेरा जोड्या आहेत : दयाळू–क्रूर, उदार–स्वार्थी, क्षमाशील–सूडबुद्धी, विनम्र–गर्विष्ठ, सच्चा–लबाड अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया १३ असेल तर क्रौर्य ७; दया एकाने वाढली की क्रौर्य एकाने घटते. कसोटीच्या वेळी वीस बाजूंचा फासा टाकतात. दयेच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर सरदार दयेने वागतो. नाही पडला तर विरुद्ध गुणावर पुन्हा फासा. आणि दोन्ही फासे फसले तर? तर नियम सांगतो, आता खेळणाऱ्याने स्वतः ठरवावे.

यात काहीही खर्च होत नाही, ही गोष्ट लक्षात घ्यावी. दयेने वागल्याने दया कमी होत नाही; त्या गुणासमोर एक खूण होते. मग वर्ष संपते, हिवाळा येतो. सरदार आपल्या वाड्यात बसून असतो, मोहिमा बंद. तेव्हा त्या खुणांचा हिशेब होतो. खूण असलेल्या प्रत्येक गुणासाठी फासा टाकायचा आणि तो आहे त्या आकड्याच्या वर पडला तर गुण एकाने वाढतो. दया ५ असणाऱ्याला सहावर जाणे सोपे, १८ असणाऱ्याला एकोणिसावर जाणे अवघड. उर्दू शाळेत तख्तीवर मुलांकडून खुशखत गिरवून घेणारी कोणतीही शिक्षिका सांगेल, हा हिशेब बरोबर आहे.

खुशखताचे उदाहरण मी सहज दिले नाही. इमाम गझालींचेच ते आहे. ११११ साली ते वारले. त्यांच्या ‘इह्याउल-उलूम’मध्ये खुल्क म्हणजे काय याची चर्चा आहे. मनाची अशी मुरलेली अवस्था, की जिच्यातून कृती विनासायास, फार विचार न करता होते, तिला ते खुल्क म्हणतात. जो एखाद्या वेळी जोर लावून पैसा देतो तो अजून उदार झालेला नाही. पण उदार व्हायचे असेल तर रस्ता तोच : जोर लावून देत राहा, एक दिवस जोर लावावा लागणार नाही. कातिब व्हायचे तर आधी चांगल्या कातिबाच्या अक्षराची नक्कल करावी लागते, मग हात वळतो, मग ते अक्षर आपले होते. सब्रविषयीही त्यांचे म्हणणे असेच आहे. प्रसंगानुसार सब्रची नावे बदलतात, असेही ते सांगतात : वासनेसमोर तो इफ्फत, युद्धात शुजाअत, रागासमोर हिल्म. स्टॅफर्डने गझाली वाचले होते की नाही कोण जाणे. हिवाळ्याचा हा नियम मात्र त्यांच्या जवळून जातो.

तरीही पेंड्रॅगनशी माझी दोन भांडणे आहेत. पहिले थोडक्यात. जोडीचे एक टोक चांगले आणि दुसरे वाईट, ही मांडणी आपल्या परंपरेला पुरत नाही. गझाली आणि त्यांच्याआधी ॲरिस्टॉटल मध्याला मानतात : एका बाजूला उधळपट्टी, दुसऱ्या बाजूला कंजुषी, सखावत मध्ये. पेंड्रॅगनमध्ये औदार्य जितके जास्त तितके चांगले, मग घर बुडाले तरी. खेळाला हे थोडे कळले असावे, कारण शूर–भित्रा ही एक जोडी ठेवून सावध–बेफिकीर अशी दुसरी वेगळी ठेवली आहे. मध्य साधण्यासाठी दोन दोऱ्या लागल्या.

दुसरे भांडण मोठे आहे. या खेळात एखादा गुण १६ किंवा त्याहून वर गेला की सरदार त्या गुणासाठी प्रसिद्ध होतो आणि दरवर्षी त्याला कीर्तीचे पॉइंट मिळू लागतात. ही दया आता लोकांना माहीत आहे, तिचे उत्पन्न सुरू झाले. आपल्याकडे याला रिया म्हणतात. खेळाला ती टाळता येणारच नाही, कारण गोष्ट चालवणाऱ्याला फक्त बोललेले आणि केलेलेच दिसते. ज्याने मनात सूड आणला आणि मनातच सोडून दिला त्याच्यासमोर कुणी खूण करत नाही. आपल्या हिशेबात मात्र तीही नेकी लिहिली जाते, असे हदीस सांगते. बुखारी शरीफची पहिलीच हदीस नियतीविषयी आहे. तो हिशेब लिहिणारा वेगळा आणि वही बंद.

यावर कुणी म्हणेल, मग सवाब काय आहे? आपणही मोजतोच की! एका नेकीच्या दहा, दहाच्या सातशे. कुरआनातही अल्लाहशी केलेल्या व्यापाराची आणि त्याला दिलेल्या कर्जाची भाषा येते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. हजरत अलींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका वचनात इबादत करणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत, भिणारे, व्यापारी आणि आझाद. त्यांत व्यापारी वरच्या पायरीवर नाहीत, पण हाकललेलेही नाहीत. मला फरक दिसतो तो एवढाच : सवाब येथे खर्च करता येत नाही. काल फजरला उठलो, त्याच्या बदल्यात आज दुपारी गिऱ्हाइकाला मापात मारता येत नाही. ज्याला तसे करता येते असे वाटते, त्याने सवाबाचे इन्स्पिरेशन केले.

एका वर्षी शाळेत नेकीची पेटी ठेवली होती. नेक काम केले की चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, महिन्याअखेर ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याला बक्षीस. तिसऱ्या आठवड्यात पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. दादी आजारी, ती तिला पाणी देते. विचारू लागली, ‘‘टीचर, एक चिठ्ठी डालूँ, या हर गिलास की अलग?’’ मुलगी लबाड मुळीच नव्हती, हिशेबाची पक्की होती. बी.एड.ला आम्हाला अमेरिकेतला १९७३ चा एक प्रयोग शिकवला होता. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढण्याबद्दल प्रमाणपत्र कबूल केले होते, ती पुढे आपण होऊन चित्रे कमी काढू लागली. ज्यांना काही कबूल केले नव्हते ती काढत राहिली. त्या वेळी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. पेटीने तो समजावून दिला.

साठ्याच्या बाजूनेही शास्त्राने बराच काळ साक्ष दिली. १९९८ मध्ये रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या बिस्किटांच्या वासात बसवले, काहींना बिस्किटे दिली, काहींना फक्त मुळे खायला सांगितले. मग सर्वांना एक न सुटणारे कोडे दिले. बिस्किटे खाणाऱ्यांनी सरासरी एकोणीस मिनिटे प्रयत्न केला, मुळेवाल्यांनी आठ मिनिटांतच सोडून दिले. मनोबल म्हणजे टाकी आहे, वापरली की उतरते, असा सिद्धांत जगभर गाजला. व्हॅम्पायरवाल्यांनी ते सात वर्षे आधीच नियमात घातले होते! पण २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर त्या सिद्धांताची फेरतपासणी केली, तेव्हा टाकी उतरल्याचा परिणाम जवळजवळ शून्य आला. त्याआधी २०१० मधल्या एका अभ्यासात दिसले होते, की मनोबल संपते असे मानणाऱ्यांचेच ते जास्त संपते. म्हणजे या कोर्टातला निकालही लागलेला नाही.

मला वाटते, आपण दरवर्षी एक महिना हा प्रयोग स्वतःवर करतो. रमजानच्या कोणत्याही एका दिवसात सब्र हा साठा असतो. सकाळी दुकानावर हसून बोलणारा माणूस अस्रनंतर सुट्ट्या पैशांवरून भांडतो, आणि मगरिबच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावरून गाडी चालवावी असे शत्रूलाही सांगू नये. रोजा असताना कुणी भांडायला आले तर आपला रोजा आहे एवढे सांगून बाजूला व्हावे, अशी जी शिकवण आहे ती मला साठ्याची जाण असणाऱ्याची वाटते : उरलेले जपून वापरा. पण तोच महिना एकसंध पाहिला तर सब्र हा स्वभाव होत जातो. पहिले तीन रोजे जड, विसाव्याला हात आपोआप पाण्याकडे जायचा थांबतो. दिवसाच्या मापाने उतरते, महिन्याच्या मापाने चढते. पेंड्रॅगनने हिशेब हिवाळ्यावर टाकला तो याचसाठी शहाणपणाचा. कसोटीच्या दिवशी पाहिले तर फक्त उतरलेले दिसते.

तेव्हा दोन्ही खरे. भांडण तेथे नाहीच. अन्याय होतो तो कोणते माप कुणाला लावायचे येथे. स्वतः चिडलो तर आपण साठ्याची भाषा बोलतो : दिवसभर काय काय झाले ते पाहा, माणूस किती सहन करणार! दुसरा चिडला तर स्वभावाची : तो आहेच तसा. घरात पुरुषाच्या रागाला दिवसाचा शिणवटा असतो आणि बाईच्या रागाला जबान असते. वर बसलेला खाली बसलेल्याला सब्र करो म्हणतो तेव्हा तो त्याच्याकडून स्वभाव मागतो, आणि फाइल का अडली हे त्यालाच कुणी विचारले तर कामाचा बोजा सांगतो, म्हणजे साठा. फसादानंतर राहत छावणीत रांगेत उभ्या असलेल्या माणसांनाही सब्रचे फायदे ऐकवणारे तकरीरवाले असतात. सब्रचे फायदे खरेच आहेत. पण सूरह बकराच्या अखेरच्या आयतीत माणसाच्या कुवतीचाही उल्लेख आहे, आणि त्या आयतीवर तकरीर जरा कमी ऐकू येते.

मला हा प्रश्न दरवर्षी कागदावर सोडवावा लागतो. २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणे आले : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. आमचाही हा पात्राचा कागदच. शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षे ठरलेले शब्द पडतात : चिडतो, भांडतो, ऐकत नाही. तेथे स्वभाव लिहिला जातो, आणि नोंद मुलाबरोबर वर्गावर्गांतून पुढे जाते. सहावीत एक मुलगा आहे. पहाटे चार वाजता मामूच्या बेकरीतले पाव सायकलवर घालून तो हॉटेलांत पोहोचवतो, मग शाळेत येतो. मधल्या सुट्टीनंतर त्याचे कुणाशी ना कुणाशी वाजतेच. पाचवीच्या नोंदीत ‘झगडालू’ असा एकच शब्द होता.

मी दोन आठवडे वेळ लिहून ठेवली. मग नोंद केली : ‘‘पहिल्या चार तासांत कुणाशी भांडत नाही. धक्का लागला तर बाजूला होतो. सुट्टीनंतर लवकर चिडतो. सकाळी चारपासून जागा असतो.’’ रकान्यात मावेना, म्हणून बारीक अक्षरात लिहावे लागले. हेडमास्तरसाहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचले, हे सुधारणा आवश्यकमध्ये कसे काय, म्हणून विचारले, आणि सही केली.